गिरणगावातील कामगार-कलावंतांचा आर्थिक आधार : परळ-भोईवाडा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कलेचा इतिहास लिहिताना सामान्यतः नाटककार, नट, गायक, त्यांच्या कृती आणि त्यांना मिळालेला लोकाश्रय यांचा विचार केला जातो. ज्या काळात कलावंत तालीम करीत होता त्या काळात त्याच्या घरी चूल कशावर पेटत होती, रंगमंचाचे भाडे कोण भरत होते आणि हात थकल्यावर त्याला कोणी विचारले, हे प्रश्न मात्र चरित्रांच्या शेवटच्या प्रकरणात, तेही हळहळ म्हणून येतात. राजाश्रयाच्या काळातील कलेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. संगीत नाटक मंडळ्यांची भरभराट आणि त्यांचे कर्जबाजारीपण यांचीही बरीच नोंद झाली आहे. त्या तुलनेत कापड गिरणीत आठ-दहा तास उभे राहून रात्री तोंडाला रंग लावणाऱ्या कामगार-कलावंताच्या अर्थकारणाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

मुंबईच्या परळ भागातील भोईवाडा हा परिसर या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका बाजूस डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल, दुसऱ्या बाजूस गं. द. आंबेकर मार्गावरील राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मजदूर मंझिल, थोड्या अंतरावर गिरणी कामगार युनियनच्या आठवणी जपणारी परळची दळवी बिल्डिंग आणि लालबागचे न्यू हनुमान थिएटर अशा वेगवेगळ्या प्रवृत्तींच्या संस्था येथे पायी चालण्याच्या अंतरावर होत्या. समाजसुधारक, काँग्रेसप्रणीत कामगार संघटना, साम्यवादी चळवळ आणि तमाशाचा धंदा या सर्वांचा कलावंताशी येथे संबंध आला. कलावंताला कोणी, कोणत्या अटीवर आणि कुठवर सांभाळले, हे पाहण्यासाठी याहून सोयीचे क्षेत्र मिळणे अवघड आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, विसाव्या शतकात गिरणगावातील कामगार-कलावंतास मिळालेल्या आर्थिक आधाराचे प्रकार निश्चित करणे. दुसरे, या प्रत्येक प्रकारात 'कलावंत' कोणास म्हटले गेले आणि कोण वगळले गेले हे तपासणे. तिसरे, १९८२ च्या संपानंतर हा आधार का कोसळला आणि त्याची जागा शासकीय मानधनाने भरून निघाली काय, याचा विचार करणे.

कामाचे तास आणि रंगमंच

कलावंताला सर्वांत आधी वेळ लागतो. पैशाचा विचार त्यानंतरचा. गिरणी कामगाराच्या बाबतीत हा वेळ कायद्याने मिळाला. १९११ च्या कारखाने कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास दिवसाला बारा इतके मर्यादित केले. १९२२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांवर आली. १९३४ च्या कायद्याने वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांसाठी आठवड्याचे चोपन्न तास ठरले आणि १९४६ च्या दुरुस्तीने ते अठ्ठेचाळीसवर आणले. या चार तारखा कामगार चळवळीच्या इतिहासात नेहमी दिल्या जातात. कामगार रंगभूमीच्या इतिहासातही त्यांना स्थान असावयास हवे. बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस नाटक पाहावयास जाऊ शकेल, पण तो नाटकाची तालीम करू शकणार नाही. कामगार रंगभूमीचा विस्तार आणि कामाच्या तासांतील घट एकाच कालखंडात व्हावी, हा योगायोग मानता येत नाही.

मिळालेल्या वेळाचा उपयोग काय व्हावा, याविषयी त्या काळच्या सुधारकांची मते स्पष्ट होती. नारायण मल्हार जोशी (१८७९-१९५५) यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये, सहकारी पतपेढ्या अशा मार्गांनी लीगने गिरणगावात काम उभे केले. कामगाराने फावला वेळ दारूचे दुकान व जुगार यांत घालवू नये, यासाठी त्याला निकोप करमणूक हवी, ही या कार्यामागील एक भूमिका होती. तीत नैतिक शिस्तीचा भाग होता हे नाकारता येत नाही. तथापि शिस्तीसाठी उघडलेले दार कामगारांनी कलेसाठी वापरले, ही वस्तुस्थितीही तितकीच महत्त्वाची आहे.

दामोदर हॉल : जागेचे अनुदान

१९२२ मध्ये परळला लीगचे सभागृह उभे राहिले. गिरणी उद्योगातील ठाकरसी घराण्यातील दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ते ओळखले गेले आणि गिरणगावाच्या बोलीत त्याचे 'दामोदर हॉल' झाले. त्याच काळात कामगारांच्या नाट्यप्रेमातून सहकारी मनोरंजन मंडळ अस्तित्वात आले आणि पुढे शंभर वर्षे या मंडळाचे नाव दामोदर हॉलशी जोडलेले राहिले.

या सभागृहाचे अर्थशास्त्रीय महत्त्व नीट समजून घेणे आवश्यक आहे. गिरगावातील नाट्यगृहे व्यावसायिक मंडळ्यांची होती. तेथील भाडे आणि तेथील प्रेक्षक हे दोन्ही कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते. चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे पाळीपाळीने दहा-पंधरा माणसे झोपत, तेथे तालीम करणे शक्य नव्हते. अशा परिस्थितीत परळमध्येच परवडणारा रंगमंच मिळणे हे कोणत्याही रोख अनुदानापेक्षा मोठे साहाय्य होते. रोख रक्कम एका प्रयोगात संपते, जागा मात्र पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडते. आजच्या परिभाषेत ज्याला पायाभूत सुविधा म्हटले जाते, ती कामगार-कलावंताला प्रथम येथे मिळाली.

गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या कामगारांची संख्या मोठी होती. त्या वेळच्या या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही समाविष्ट होता. दशावतार, नमन-खेळे, जाखडी, भजन या परंपरा त्यांनी आपल्या वळकटीबरोबर मुंबईस आणल्या. घाटावरील कामगारांनी तमाशा, पोवाडा आणि भारूड आणले. दामोदर हॉलचा रंगमंच या दोन्ही प्रवाहांना पंचअंकी किंवा तीनअंकी नाटकाच्या चौकटीत येण्यास कारणीभूत ठरला. मामा वरेरकरांसारख्या (१८८३-१९६४) नाटककाराने 'सोन्याचा कळस' या नाटकात गिरणी कामगारांचे जीवन आणले, यामागे कामगार हा केवळ प्रेक्षक न राहता रंगभूमीचा विषय झाल्याची जाणीव दिसते.

पगार, खाणावळ आणि वर्गणी

कामगार-कलावंताचा खरा आश्रयदाता त्याचा पगार होता. हौशी रंगभूमी या शब्दातील 'हौस' या पदामुळे हे सत्य झाकले जाते. हौस भागविण्यासाठी लागणारा पैसा कोठून येत होता, असे विचारले असता तीन स्रोत दिसतात.

पहिला स्रोत गिरणीतील मजुरी हा होय. नाटकातून उत्पन्न मिळावे अशी अपेक्षाच नसल्याने नाटक बुडाले तरी नट बुडत नसे. व्यावसायिक मंडळीतील नटाचे पोट तिकीटविक्रीवर अवलंबून असे. कामगार नटाचे पोट महिन्याच्या पगारावर होते. या अर्थाने गिरणी ही नकळत कलेची पोशिंदी ठरली. मात्र हा आधार सर्वांना सारखा नव्हता. कायम कामगाराला पाळीची खात्री असे. बदली कामगाराला रोज सकाळी दारावर उभे राहून काम मिळते की नाही हे पाहावे लागे. बदलीवाल्याला तालमीस वेळ अधिक मिळत असेल, पण वर्गणी देण्याची ऐपत कमी असे. मंडळात कोणाला प्रमुख भूमिका मिळावी आणि कोणी पडदा ओढावा, यातही नोकरीच्या स्थैर्याचा वाटा असणे संभवनीय आहे.

दुसरा स्रोत खाणावळ हा होय. कुटुंब गावी ठेवून आलेला कामगार महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवत असे आणि पगाराच्या दिवशी पैसे चुकते करीत असे. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रिया महिनाभराचा किराणा स्वतःच्या जोखमीवर, अनेकदा सावकाराकडून कर्ज काढून भरत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना बँकांचे कर्ज मिळवून देण्याचे काम सुरू केले. या कर्जबाजारीपणाची सार्वजनिक दखल त्यामुळे घेतली गेली. कामगार रंगभूमीच्या इतिहासात खाणावळवालीचे नाव येत नाही. तालमीवरून मध्यरात्री परतणाऱ्या नटाचे ताट झाकून ठेवणारी आणि त्याची उधारी पुढच्या पगारापर्यंत सोसणारी ही स्त्री त्या रंगभूमीची बिनव्याजी धनको होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरा स्रोत वर्गणीचा. गावकरी मंडळे, चाळींची मंडळे आणि सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे यांतून ती गोळा होई. चिंचपोकळी (१९२०), लालबागची गणेशगल्ली (१९२८) आणि लालबागचा राजा (१९३४) या मंडळांच्या स्थापनेची वर्षे पाहता कामगार रंगभूमीच्या उदयाशी त्यांचा समकालीनपणा लक्षात येतो. उत्सवामुळे मूर्तिकार, रंगारी, मंडप सजविणारे, मेळ्यांतील गायक व नकलाकार यांना वर्षातील ठरावीक दिवसांत काम मिळे. गावकरी मंडळाचे नाटक बहुधा गावातील शाळा, देऊळ वा पाणवठ्याच्या मदतीसाठी लावले जाई. तिकिटे गिरणीतील खात्याखात्यांतून हातोहात खपविली जात. नाटक चांगले आहे म्हणून तिकीट घेणाऱ्यांपेक्षा शेजारच्या साच्यावरील माणूस नाटकात आहे म्हणून तिकीट घेणारे अधिक असत. जाहिरातीचा खर्च नसलेली ही वितरणव्यवस्था होती.

'नाईट' कोणाला मिळे?

या व्यवस्थेत एक लक्षणीय अपवाद होता. कामगार नट विनामोबदला काम करीत असला तरी नाटकातील स्त्री कलावंतास प्रत्येक प्रयोगाचे पैसे, ज्यास रंगभूमीच्या भाषेत 'नाईट' म्हणतात, द्यावे लागत. प्रारंभी स्त्री-भूमिका पुरुष करीत. ती प्रथा मागे पडल्यावर मंडळांना बाहेरून नटी आणणे भाग पडले. तिच्यासाठी ही हौस नव्हती, उदरनिर्वाह होता. एका मंडळाचे नाटक संपवून दुसऱ्या मंडळाच्या तालमीस जाणे, वेगवेगळ्या संहिता एकाच वेळी पाठ ठेवणे, रात्री उशिरा एकटीने घरी परतणे, हे सर्व तिच्या व्यवसायाचे भाग होते. म्हणजे हौशी म्हणविणाऱ्या या रंगभूमीवर खऱ्या अर्थाने व्यावसायिक कलावंत कोणी असेल तर ती स्त्री होती. परंतु पुढे कल्याणनिधीच्या वा स्पर्धांच्या योजना आखल्या गेल्या तेव्हा 'कामगार' या संज्ञेत नोकरीवरील पुरुष धरला गेला. नाईटवर जगणाऱ्या नटीला ना गिरणीचा भविष्यनिर्वाह निधी होता, ना कोणत्याही कारखान्याचा हजेरीपट. कल्याणकारी व्यवस्थेतील हा दोष आरंभापासूनचा आहे.

तमाशा कलावंतांची स्थिती याहून वेगळी नव्हती. लालबागच्या न्यू हनुमान थिएटरमध्ये गावोगावचे फड येऊन खेळ करीत आणि गिरणी कामगार हा त्यांचा हुकमी प्रेक्षक होता. येथेही कलावंताचे उत्पन्न अप्रत्यक्षपणे गिरणीच्या पगारातूनच येत होते. कामगाराला बोनस मिळाला की थिएटर भरे आणि संप लांबला की ओस पडे. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्यासारख्या राष्ट्रपती पुरस्कार लाभलेल्या कलावतीलाही उत्तरायुष्यात आर्थिक विवंचना चुकली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ पासून, शासनाने त्यांच्या नावे तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

कलापथके : निधी जमविणारा कलावंत

१९४० च्या दशकात परळ-लालबागच्या सांस्कृतिक जीवनास राजकीय वळण लागले. १९४३ मध्ये मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची (इप्टा) स्थापना झाली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९), अमर शेख (१९१६-१९६९) आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. गिरणीच्या दारावरील सभा, चाळींची मैदाने आणि कामगार वस्त्यांतील चौक हे त्यांचे रंगमंच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात या शाहिरांनी केलेल्या कार्याचा पुनरुच्चार येथे आवश्यक नाही.

येथे प्रश्न त्यांच्या अर्थव्यवस्थेचा आहे. कलापथकाचा कार्यक्रम हा चळवळीच्या प्रचाराचे, तसेच निधी उभारणीचे साधन असे. म्हणजे कलावंत निधी घेणारा नव्हता, तो निधी जमविणारा होता. चळवळीने त्याला प्रेक्षक, प्रतिष्ठा आणि विषय दिले. निवृत्तीचे वेतन देण्याची यंत्रणा चळवळीजवळ नव्हती. अण्णाभाऊंच्या 'फकिरा' या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीस राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, १९६१ मध्ये त्यांनी रशियाचा प्रवास केला, त्यांच्या कृतींवर चित्रपट निघाले. तरीही त्यांचे आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेले आणि अखेरचा काळ हलाखीचा ठरला. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ आणि २९ ऑगस्ट १९६९ रोजी अमर शेख यांचे निधन झाले. सहा आठवड्यांच्या अंतराने गेलेल्या या दोघांपैकी कोणीही वयाची साठी गाठली नाही. २००२ मध्ये भारतीय डाक विभागाने अण्णाभाऊंच्या नावे टपाल तिकीट काढले. मरणोत्तर गौरव आणि जिवंतपणीचा आधार यांतील अंतर दाखविण्यास याहून वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही.

याच परिसरातील नारायण सुर्वे (१९२६-२०१०) यांचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या सुर्वे यांनी अंगमेहनतीची अनेक कामे केली. मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत ते प्रथम शिपाई आणि पुढे शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे त्यांचे कवितासंग्रह या काळातील आहेत. १९९५ च्या परभणी येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अण्णाभाऊ आणि सुर्वे यांच्या प्रतिभेची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. तथापि एकाला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी सार्वजनिक नोकरी होती आणि दुसऱ्याला नव्हती, हा फरक त्यांच्या आयुष्यक्रमात स्पष्ट दिसतो.

दंडाच्या रकमेतून कलेचा निधी

मुंबई प्रांतात १९३७ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर १९३९ पासून शासनाने कामगार कल्याण केंद्रे उघडली. स्वातंत्र्यानंतर या कार्यास वैधानिक रूप देण्यासाठी मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम, १९५३ संमत झाला आणि कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले. निधीच्या विनियोगाच्या बाबींमध्ये वाचनालये, सामाजिक शिक्षण, क्रीडा, सहली यांबरोबर करमणुकीचाही स्पष्ट उल्लेख होता. कामगाराच्या कलेसाठी कायद्याने पैसा राखून ठेवण्याची ही महत्त्वाची घटना होय.

हा पैसा आला कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. अधिनियमाने निधीचे जे स्रोत ठरविले त्यांत कामगारांकडून वसूल झालेले दंड आणि कामगारांनी न उचललेली, मालकाकडे पडून राहिलेली देणी यांचा समावेश होता. कापडात दोष राहिला, उशीर झाला, शिस्त मोडली म्हणून कापलेला पैसा. गावी गेलेल्या, काम सोडलेल्या वा मृत कामगाराची पडून राहिलेली मजुरी. यांतून कामगाराच्या करमणुकीची तरतूद होणार होती. पडून राहिलेल्या देण्यांबाबत गिरणी मालकांनी न्यायालयात धाव घेतली. बॉम्बे डाइंग कंपनी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या अखेरीस निर्णय देऊन दंडासंबंधीची तरतूद वैध ठरविली, परंतु न उचललेल्या देण्यांसंबंधीची तरतूद घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर १९६१ च्या दुरुस्तीने कायद्याची फेररचना करण्यात आली. पुढे कामगार, मालक आणि शासन यांचे अंशदान हा निधीचा पाया झाला. सहामाही कपातीच्या या पद्धतीत मालकाचा हिस्सा आज कामगाराच्या हिश्श्याच्या तिप्पट आहे.

या इतिहासाचा अर्थ असा की, कामगार कल्याण मंडळाच्या रंगमंचावर जे नाटक झाले त्यास शासनाची कृपा म्हणणे अपुरे आहे. त्यात कामगाराचा स्वतःचा पैसा होता. अनुदान आणि हक्क यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. अनुदान देणारा ते थांबवू शकतो. स्वतःच्या मजुरीतून उभ्या राहिलेल्या निधीबद्दल मात्र जाब विचारता येतो.

मंडळाने केंद्रांतून नाट्य, भजन, समूहगान अशा स्पर्धा घेतल्या. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धाही सुरू झाली. या दोहोंमुळे कामगार नटास परीक्षक, पारितोषिक, प्रमाणपत्र आणि वर्तमानपत्रातील नाव मिळू लागले. रंगभूमीवरील उमेदवारीचा हा राजमार्ग झाला. मात्र स्पर्धेच्या या व्यवस्थेत दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे, ती एका प्रयोगासाठी खर्च देई, वर्षभराच्या जीवनासाठी नव्हे. दुसरी आणि अधिक गंभीर मर्यादा अशी की, कल्याण मंडळाकडील पात्रता नोकरीशी बांधलेली होती. कलावंत म्हणून मान्यता मिळण्यासाठी तो आधी हजेरीपटावर असावा लागे.

तुलनेसाठी अन्य देशांकडे पाहता येईल. अमेरिकेत महामंदीच्या काळात १९३५ ते १९३९ या वर्षांत फेडरल थिएटर प्रोजेक्टने बेकार रंगकर्मींनाच वेतनावर घेतले. ब्रिटनमध्ये १९४६ मध्ये आर्ट्‌स कौन्सिल स्थापन झाले आणि संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. फ्रान्समध्ये १९३६ पासून, प्रथम चित्रपट उद्योगात, दोन कामांमधील रिकाम्या काळासाठी विमासंरक्षणाची कल्पना पुढे आली. आपल्याकडे १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी स्थापन झाली. यांपैकी गिरणगावच्या व्यवस्थेचे वेगळेपण असे की, तीत कलावंत हा कलावंत म्हणून नव्हे तर कामगार म्हणून संरक्षित होता. हेच तिचे बळ होते आणि हीच तिची दुबळी बाजू ठरली.

१९८२ : आधाराचा अंत

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साठ गिरण्यांतील अडीच लाखांच्या घरात असलेल्या कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लाखाहून अधिक कामगारांचे काम कायमचे गेले. या संपाच्या राजकीय व औद्योगिक परिणामांची चर्चा विपुल झाली आहे. सांस्कृतिक परिणामांचे विवेचन करताना 'गिरणगावची संस्कृती लोपली' असे सर्वसाधारण विधान केले जाते. वर दिलेल्या आर्थिक मांडणीच्या आधारे हे विधान अधिक नेमके करता येते.

पगार थांबताच वर्गणी थांबली. खाणावळीची उधारी फिटेनाशी झाली. खात्याखात्यांतून तिकीट खपविणारी साखळी तुटली. नोकरी गेल्याने कल्याण मंडळाच्या स्पर्धेतील पात्रतेचा आधार गेला. मंडळांची नाटके कमी झाल्याने नटीच्या 'नाईट' कमी झाल्या आणि तमाशा थिएटरचा प्रेक्षक ओसरला. म्हणजे एक स्रोत आटला असता दुसऱ्याने भरून काढावे, अशी स्थिती नव्हती. वरकरणी वेगवेगळे दिसणारे सर्व स्रोत शेवटी एकाच उगमातून, गिरणीच्या पगारातून, निघालेले होते. म्हणूनच व्यवस्था एकाच वेळी कोसळली.

संपोत्तर गिरणगावाचे दर्शन घडविणारे 'अधांतर' (१९९७) हे नाटक लालबागमध्ये वाढलेल्या जयंत पवार (१९६०-२०२१) यांनी लिहिले. त्यावर आधारित चित्रपट २०१० मध्ये आला आणि त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहास २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पवार यांचा चरितार्थ वर्तमानपत्रातील नोकरीवर होता. गिरणी, महापालिकेची शाळा, वृत्तपत्राचे कार्यालय असा हा क्रम पाहिला म्हणजे एक गोष्ट निश्चित होते. गिरणगावातील लेखक-कलावंतास तीन पिढ्यांमध्ये आधार दिला तो कलेबाहेरील स्थिर नोकरीने.

मानधन आणि नाट्यगृह

नोकरी गेलेल्या वा मुळातच नसलेल्या कलावंतासाठी राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना दीर्घकाळ चालू आहे. वयाची पन्नाशी, किमान पंधरा वर्षांचे कलाक्षेत्रातील योगदान आणि मर्यादित उत्पन्न या तिच्या प्रमुख अटी होत. राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक पातळीनुसार अ, ब, क अशी वर्गवारी करून वेगवेगळी रक्कम दिली जात असे. २०२४ मध्ये योजनेस राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि वर्गवारीचा भेद न ठेवता दरमहा पाच हजार रुपये मानधन ठरविण्यात आले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. स्थानिक पातळीवरील कलावंताची भूक राष्ट्रीय पातळीवरील कलावंतापेक्षा कमी नसते, हे त्यामुळे मान्य झाले.

तथापि कामगार-कलावंताच्या दृष्टीने एक अडचण उरते. पंधरा वर्षांचे योगदान सिद्ध करण्यास कागद लागतो. मंडळांच्या नाटकांच्या हस्तपत्रिका, निमंत्रणपत्रिका, स्पर्धेची प्रमाणपत्रे चाळीच्या खोलीत किती टिकणार? खोली विकून कल्याण-विरारकडे वा परत गावी गेलेल्या कुटुंबाने त्या जपल्या असतीलच असे नाही. ज्याच्या कलेची नोंद कोणी ठेवली नाही त्याने उतारवयात ती स्वतः सिद्ध करावी, अशी ही विपरीत स्थिती आहे. त्यातही पडद्यामागील रंगभूषाकार, नेपथ्य उभारणारे, पेटी-तबला वाजविणारे यांची नावे हस्तपत्रिकेवरही क्वचित असत.

दुसरा प्रश्न जागेचा आहे. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी दामोदर नाट्यगृह बंद झाले. सहकारी मनोरंजन मंडळ आणि रंगकर्मी यांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि नव्या वास्तूत पूर्वीइतक्याच क्षमतेचे नाट्यगृह असावे, अशी मागणी केली. शताब्दी साजरी केलेल्या रंगमंचासाठी कलावंत रस्त्यावर येतात, यास केवळ स्मरणरंजन म्हणता येणार नाही. वर दाखविल्याप्रमाणे या परिसरातील कलेला मिळालेल्या सर्व आधारांपैकी पगार गेला, वर्गणी गेली, खाणावळ गेली. उरला होता तो परवडणाऱ्या भाड्याचा रंगमंच. म्हणून नव्या नाट्यगृहाच्या आसनसंख्येइतकाच त्याच्या भाडेदराचा प्रश्न महत्त्वाचा आहे. वास्तू पुन्हा उभी राहिली आणि भाडे हौशी मंडळास परवडले नाही, तर १९२२ मध्ये जे मिळाले होते ते परत मिळाले, असे म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, परळ-भोईवाडा परिसरातील कामगार-कलावंतास जागा, वेळ, पगार, वर्गणी आणि वैधानिक निधी अशा पाच प्रकारे आधार मिळाला. त्यात थेट रोख साहाय्याचा वाटा सर्वांत कमी होता. दोन, हे आधार परस्परांपासून स्वतंत्र नव्हते. ते गिरणी उद्योगावर विसंबून असल्याने १९८२ नंतर एकत्रितपणे ढासळले. तीन, कामगार म्हणून नोंद नसलेल्या नटी, तमाशा कलावंत आणि पडद्यामागील कारागीर या व्यवस्थेच्या परिघावरच राहिले, तर तिला उधारीवर जगविणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रिया इतिहासाच्याही बाहेर राहिल्या. चार, वृद्धापकाळातील मानधन आवश्यक असले तरी ते कलावंत घडविण्याच्या काळातील आधाराची जागा घेऊ शकत नाही.

या निष्कर्षांतून महाविद्यालयांच्या दृष्टीने एक कर्तव्यही सूचित होते. परळ, लालबाग, नायगाव, दादर या भागांतील महाविद्यालयांच्या वर्गांत आजही गिरणी कामगारांची नातवंडे बसतात. त्यांच्या घरांतील माळ्यावरच्या ट्रंकांत हस्तपत्रिका, छायाचित्रे, स्पर्धेची प्रमाणपत्रे असण्याची शक्यता आहे. इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ही साधने वेळीच संकलित केली, तर कामगार रंगभूमीच्या इतिहासास साधनसामग्री मिळेल आणि एखाद्या वृद्ध कलावंताच्या अर्जास जोडण्यासाठी लागणारा पुरावाही त्यातून मिळू शकेल. संशोधनाचा असा प्रत्यक्ष उपयोग क्वचित संभवतो. ती वयाने थकलेली पिढी हयात आहे तोवरच हे कार्य होणे शक्य आहे.